कार्डावरचा त्रास

आधीच सांगून ठेवते, मी गोड बोलणारी बाई नाही. नाकावर राग आणि जिभेवर तिखट घेऊन जन्माला आली, असं माझी आत्या म्हणायची, आणि ते काही कौतुकानं म्हणायची नाही. तेव्हा जे झालं त्याला साखर लावून सांगणं मला जमायचं नाही. चूक माझी होती. थोडीथोडकी नाही, सगळीच्या सगळी, आणि करताना मला ती कळत होती.

मी रफू करते. ड्रायक्लीनिंगच्या एका दुकानात मागच्या खोलीत खिडकीला लागून माझं टेबल आहे. कुणाचा कोट सिगारेटनं जळलेला असतो, कुणाची शाल कसरीनं खाल्लेली असते. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून मी धागे ओढून काढते आणि मूळ विणीप्रमाणं भोक विणून बुजवते. दोन धाग्यांवरून, दोन धाग्यांखालून, पुढच्या ओळीत एक घर सरकून. गिऱ्हाइकानं कपडा उलटासुलटा केला आणि भोक कुठं होतं तेच त्याला सापडलं नाही, तर काम चांगलं झालं म्हणायचं. सुई, धागा आणि दोन डोळे, एवढंच माझं भांडवल.

हे काम मला आत्यानं शिकवलं. पन्नाशीला तिची नजर गेली. शेवटची काही वर्षं ती माझ्या शेजारी बसून माझं रफू बोटांनी चाचपायची आणि चुकलेला धागा सापडला की मला शिव्या घालायची. शिव्यांचं मला काही वाटायचं नाही. पण शिव्या देऊन झाल्या की ती हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहायची, ते मला बघवायचं नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. प्रत्येक लिफ्टचं एक कार्ड असतं. तारीख, तक्रार, काय केलं आणि खाली सही. ही सवय त्यानं घरातही आणली. आमच्या पाण्याच्या फिल्टरचं कार्ड आहे, पंख्यांचं आहे, शिलाई मशीनला तेल कधी घातलं याचंही आहे. "माझं पण एक कर," असं मी त्याला एकदा चिडून म्हटलं होतं. तो म्हणाला, "तुझं केलं असतं, पण तक्रारीचा रकाना पुरणार नाही." अशा माणसाशी भांडण तरी किती वेळ चालणार. मला त्याच्यावर चिडायला आवडायचं, कारण तो उलटून चिडायचा नाही.

लग्नाला सात वर्षं झाली तरी मूल नव्हतं, म्हणून आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तेव्हा मी छत्तीसची होते. तपासण्या झाल्या. नवऱ्याचं सगळं ठणठणीत निघालं. माझ्यात बीज पिकत नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरण्यासारखं काही नाही. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस रोज एक गोळी. बाराव्या दिवशी सोनोग्राफी करून बघू. बऱ्याच जणींना या गोळ्या लागू पडतात. काही त्रास वाटला तर लगेच कळवा, मनात ठेवू नका." मी मान डोलावली. मनात ठेवण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. तिसऱ्या माझ्या सासूबाई. आम्ही दोघंही त्यांना आईच म्हणायचो. औषधाच्या खोक्यातलं घडीचं पत्रक नवऱ्यानं उलगडलं आणि लिफ्टचं कार्ड वाचावं तसं एकेक कलम वाचायला लागला. अंगातून गरम वाफा निघाल्यासारखं वाटणं. डोकेदुखी. पोट फुगणं. चिडचिड.

"चिडचिड?" आई म्हणाल्या. "मग ही गेली सात वर्षं गुपचूप या गोळ्या घेतेय की काय?"

आम्ही तिघंही हसलो. मीसुद्धा. मग जुळं होण्याची शक्यता आली, तेव्हा आईंनी आपले दोन्ही हात पुढे करून दाखवले आणि म्हणाल्या, "होऊ देत की दोन. मला हात दोन आहेत." त्यांच्या हातांवर तेव्हाच सुरकुत्या होत्या, पण धरले तसे ते अगदी तयार दिसत होते.

पुढचं कलम त्यानं त्याच आवाजात वाचलं. नजर अंधुक होणं, डोळ्यांपुढे ठिपके किंवा चमक दिसणं. असं झाल्यास गोळी थांबवून डॉक्टरांना कळवावं. वाचलं आणि तो पुढच्या ओळीवर गेला. पुढचं मी काही ऐकलंच नाही.

पहिले दोन दिवस मी गोळी घेतली. दुपारी एक वाजता, दुकानात, जेवण झाल्यावर. एकच्या ठोक्याला नवऱ्याचा फोन यायचा. मागे कुठल्यातरी इमारतीतला खडखडाट ऐकू यायचा आणि तो विचारायचा, "घेतलीस?" मी सांगायची, घेतली. तो म्हणायचा, "बरं." एवढंच बोलणं, पण त्या 'बरं'मध्ये किती आशा असायची ते मला कळायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोर एक काळा लोकरी कोट होता. कॉलरच्या खाली वाटाण्याएवढं भोक. काळ्यावर काळं विणणं म्हणजे आमच्या कामातली परीक्षाच. अर्धं विणून झालं आणि कापडावर काहीतरी चमकल्यासारखं झालं. मी डोळे चोळले, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा सुई धरली. पुन्हा तसंच. गोळीनं झालं, की दोन रात्री भीतीनं झोप लागली नव्हती म्हणून झालं, की खिडकीसमोरून कुणी काच घेऊन गेलं, देव जाणे. मी काम पुरं केलं. दुपारी मालकांनी कोट हातात घेतला, उजेडात तिरका धरला आणि मला परत दिला. एका ओळीत मी दोनांऐवजी एकाच धाग्यावरून सुई नेली होती. बोटभर रेघ स्पष्ट दिसत होती. मालक काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मी भांडले तरी असते.

त्या दुपारी मी गोळी हातात घेतली आणि हात धुण्याच्या बेसिनमध्ये सोडून वर नळ उघडला. एक वाजता फोन आला.

"घेतलीस?"

"घेतली," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला.

आता कुणीही विचारेल, डॉक्टरीणबाईंना का कळवलं नाहीस? त्यांनी तर तोंडानं सांगितलं होतं. कळवलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, गोळी थांबवा, डोळे तपासून घ्या, मग दुसरं औषध बघू. दोन वाक्यांचं काम होतं. पण मला वाटलं, त्या विचारतील खरंच चमकलं का, आणि मला शपथेवर सांगता येणार नाही. घरी गोष्ट गेली की सगळे समजून घेतील, पण मनात म्हणतील, हिला मुलापेक्षा सुई प्यारी. याचीच मला जास्त भीती वाटली, कारण त्या घटकेला ती होतीच प्यारी. मूल मी पाहिलं नव्हतं. सुई रोज हातात होती, आणि आत्या मांडीवर हात ठेवून बसलेली मी पाहिली होती.

मी स्वतःला समजावलं की एक महिना जाऊ दे. थंडीच्या आधी कोटांची रास येते, ती उरकली की नीट सुरू करू. आयुष्यभर दुसऱ्यांची भोकं कुणाला कळणार नाहीत अशी बुजवली, तर हे एवढंसं आपलं बुजवता येणार नाही? कुणाला दिसलं नाही म्हणजे दुरुस्त झालं, असं मानायची मला हाताच्या कामातून सवयच लागली होती.

बाराव्या दिवशी सोनोग्राफीत काही दिसलं नाही. दिसणार कुठून. "पहिल्या महिन्यात होतं असं कधीकधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी एका गोळीच्या दोन केल्या. एकीला भ्यायलेली मी, दोन बघून तर आणखीच गारठले. दुसऱ्या महिन्यात पाचही दिवस बेसिनचा नळ उघडला.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. पहिल्या महिन्यातच नवऱ्यानं माझं कार्ड केलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलेलं. तारीख, गोळी, त्रास. गोळीच्या रकान्यात तो संध्याकाळी खूण करायचा आणि पेन हातात धरून माझ्याकडे बघायचा. "काही त्रास?" पहिले दोन दिवस मी खरं तेच सांगितलं होतं, थोडं गरम वाटलं. मग गोळीच घेत नाही तर त्रास कुठला? पण रोज 'काही नाही' सांगितलं तर संशय येईल, असं मला वाटायला लागलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मी पत्रकातलं एकेक कलम काढून त्याला द्यायला लागले. आज डोकं दुखलं. आज पोट फुगलंय. आज दुकानात दोनदा अंगातून वाफा निघाल्या. एकदा रात्री रडले, तेही गोळीच्याच नावावर घातलं. तो सगळं लिहून घ्यायचा, बारीक, सरळ अक्षरात. डोळ्यांचं कलम तेवढं मी कधी दिलं नाही. कारण ते दिलं की गोळी थांबली असती आणि दुसरं काहीतरी सुरू झालं असतं.

आणि खरं सांगते, लाज वाटते पण सांगते, मला त्याची सवय लागली. मी भांडी आपटली तर आई म्हणायच्या, "असू दे, औषधाची उष्णता आहे." नवऱ्याला टाकून बोलले तर तो मान खाली घालून कार्डावर लिहायचा, 'चिडचिड, जास्त.' संध्याकाळी परत आले की माझ्यासाठी गार पाण्याचा तांब्या भरलेला असायचा. आईंनी माझ्या वाटणीची कामं हातातून काढून घेतली. जन्मभर माझ्या तोंडाळपणाची सगळ्यांनी तक्रार केली होती, आणि आता तोच स्वभाव मला माफ होत होता. आयतं सुख होतं ते. मी ते घेतलं.

तिसऱ्या महिन्यात गोळ्या तीन झाल्या आणि सोनोग्राफीत पुन्हा काही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी फाइलीत लिहिलं, गोळ्यांना प्रतिसाद नाही. आता इंजेक्शनं घ्यावी लागतील, म्हणाल्या. ती जास्त जोराची असतात, त्रासही थोडा जास्त होऊ शकतो, विचार करून या.

त्या आठवड्यात मी मनाशी ठरवलं होतं की आता सांगून टाकायचं. खरंच ठरवलं होतं. कोटांची रास संपली होती. शनिवारी सांगू म्हणून मी थांबले. शुक्रवारी नवरा कामावरून परस्पर डॉक्टरीणबाईंकडे गेला. दारावरचं कार्ड सकाळीच त्यानं काढून नेलं होतं, ते मला दिसलं नव्हतं. घरी आला, टेबलाशी बसला आणि मला समोर बसवलं.

"आपण थांबू या," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी डॉक्टरांना कार्ड दाखवलं. तीन महिने तू काय काय सोसलंस ते सगळं आहे त्यात. एकसुद्धा दिवस सुखाचा नाही. आता इंजेक्शनं म्हणजे आगीतून फुफाट्यात. मला नाही बघवत." त्यानं कार्ड टेबलावर ठेवलं आणि बोटानं सरळ केलं. "मूल हवं होतं, नाही असं नाही. पण तुझ्या जिवावर नको."

आई दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे वळून तो म्हणाला, "आणि आई, हिच्यात काही नाही. परत तपासलं, दोष माझ्यात निघाला. हिला उगाच त्रास झाला."

तो साफ खोटं बोलत होता. त्याचा अहवाल ठणठणीत होता, फाइलीत होता, मी वाचला होता. उद्या कुणी मला वांझोटी म्हणू नये म्हणून त्यानं आपल्या आईसमोर ते स्वतःवर घेतलं. तेव्हा माझ्या तोंडून एक शब्द निघायला हवा होता. एकच. जिची जीभ एरवी दोन घरं पलीकडे ऐकू जायची, त्या बाईची तेव्हा टाळ्याला चिकटली. आता सांगितलं तर तो काय म्हणेल, याचं भय होतंच. पण त्याहून वाईट म्हणजे, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. गोळ्या नाहीत, इंजेक्शनं नाहीत, डोळे शाबूत.

 रात्रीचं आवरताना आई मला म्हणाल्या, "तो बारा वर्षांचा असताना त्याला गालगुंड झालं होतं. दोन्ही बाजूंनी सुजला होता. मी चार दिवस घरगुती लेपच लावत बसले. डॉक्टरकडे उशिरा नेला. मुलांना त्यानं पुढे असं होतं म्हणतात." मी म्हणाले, "आई, कशाला जुनं उकरता." तेवढंच म्हणाले.

त्यानंतर तीन वर्षं गेली. मी रफू करत राहिले. चांगलं करत राहिले. दुसऱ्या दुकानांतली अवघड कामंसुद्धा माझ्याकडे यायला लागली. आईंनी मुलाचा विषय कधी काढला नाही. पण शेजारणीचं नातवंड घरात आलं की त्या त्याला घ्यायच्या आणि मग नवऱ्याकडे असं बघायच्या, जणू त्याची काही वस्तू त्यांनी हरवली आहे. मला ते दिसायचं. मी खाली मान घालून सुईत धागा ओवायची.

गेल्या वर्षी आई गेल्या. जायच्या आधी दोन आठवडे त्या अंथरुणावर होत्या. एका दुपारी मी त्यांचं डोकं विंचरत होते, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "तू चांगली म्हणून राहिलीस," त्या म्हणाल्या. "दुसरी असती तर निघून गेली असती. माझ्यामुळे तुझी कूस रिकामी राहिली. मी त्याला वेळेवर डॉक्टरकडे नेलं असतं तर." मी त्यांना थांबवलं नाही. 'तसं नाही हो आई' असं काहीतरी पुटपुटले, जे कुणीही म्हणेल. खरं सांगायला खोलीत कुणी आडवं येत नव्हतं. नवरा औषध आणायला गेला होता. मी फणी पुसून ठेवली आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला उठले. त्या तो दोष घेऊनच गेल्या.

त्याच्यानंतर मला झोप लागेना. काही महिन्यांनी सुईच्या नेढ्यात धागा जाईना. मी घाबरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "चाळिशी लागली. वय झालं की लागतेच." साधा जवळचा चष्मा. तेव्हा कुठं मी त्यांना त्या गोळ्यांचं विचारलं. ते म्हणाले, "होतो काहींना त्रास. बहुतेकांचा गोळी थांबवली की जातो. तुम्हाला झाला होता का?" मी म्हणाले, "माहीत नाही." तीन वर्षांत तो प्रश्न मी कुणालाच विचारला नव्हता, आणि उत्तर मिळायला मिनिटभरही लागलं नाही.

चष्मा घेतला आणि तिथून तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. एकोणचाळीस पुरी झाली होती. म्हणाले, पुन्हा एकदा गोळ्या देऊन बघा. त्यांनी फाइल उघडली. "तुम्हाला लागू पडल्या नव्हत्या, शिवाय त्रासही फार झाला होता. आता वयही वाढलंय," म्हणाल्या. मी हट्टच धरला. पुन्हा तपासण्या झाल्या, आणि एकच गोळी, पाच दिवस, असं ठरलं. यजमानांना माहीत आहे ना, त्यांनी विचारलं. हो म्हणाले. हेही खोटंच, पण पोटात खरी गोळी गेल्याशिवाय आता त्याच्यापुढे तोंड उघडायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

पाचही दिवस घेतल्या. दुकानात, एक वाजता. मी वाट बघत होते, आता चमकेल, आता डोकं फुटेल. काही म्हणजे काही झालं नाही. दोनदा जरा गरम वाटलं आणि खिडकी उघडल्यावर गेलं. त्या आठवड्यात मी एक काळी शाल रफू करून दिली आणि तिच्यात एक धागा चुकला नाही. घरात कुणाला काही कळलं नाही. कळण्यासारखं काही नव्हतंच. टेबलावर चष्मा काढून ठेवला आणि मला स्वतःचा इतका संताप आला की मी मुठीनं टेबल बडवलं. बाहेरून मालकांनी विचारलं, काय पडलं. काही नाही म्हणाले.

बाराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोनदा माप घेतलं. मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. करड्या रंगात एक काळा गोल होता. "अठरा मिलिमीटर," त्या म्हणाल्या. "बीज उत्तम तयार झालंय. एका गोळीत. मागे तीन-तीन गोळ्यांनी काही झालं नव्हतं, आश्चर्य आहे." त्या माझ्याकडे बघत होत्या. मी वर छताकडे बघत होते. "आज आणि उद्या," त्या म्हणाल्या. "फार तर परवा सकाळ. दोघंही घरी राहा. तुमच्या वयात असं पुन्हा पुन्हा मिळत नाही."

संध्याकाळी नवरा आला. बूट काढत होता. मी त्याला पाणी दिलं आणि समोर बसले. काही न सांगताही ते दोन दिवस निभावले असते, हे मला सुचलं नाही असं नाही. पण मूल होणार असेल तर ते आणखी एका खोट्यावर नको, असं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा धीर केला आणि तोही नेमका त्या संध्याकाळी. सगळं सांगितलं. काळा कोट, बेसिन, तीन महिने, आणि दुपारचा तो गोल.

त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. मी थांबले तेव्हा म्हणाला, "कार्डावर लिहिलेलं सगळं?"

"पहिले दोन दिवस खरे. बाकी खोटं."

"वाफा? डोकं? ते रडणं?"

"रडले होते खरी. पण गोळीनं नाही."

तो हातातल्या पेल्याकडे बघत राहिला. "मी ते कार्ड त्यांना दाखवताना रडलो होतो," तो म्हणाला. मग पेला खाली ठेवला. "आणि आई? तिचं ते गालगुंडाचं? शेवटपर्यंत तेच बोलत होती माझ्याशी. मला वाटायचं, मी एक खोटं बोललो आणि ते तिला लागलं. तू समोर होतीस."

"होते."

"तुला एकदाही वाटलं नाही?"

"रोज वाटलं," मी म्हणाले.

तो उठला. कपाटातून पिशवी काढली आणि दोन सदरे टाकले. "मी ताईकडे जातोय," म्हणाला. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. मी दारात आडवी उभी राहिले. "अरे, आज आणि उद्याच आहे रे. रागाव, मार, हवं ते बोल, पण परवापासून. दोन दिवस थांब. मी पाया पडते तुझ्या."

"आत्ता तुझ्या जवळ येणं मला जमणार नाही," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच मला बाजूला सारून गेला. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले नाही. जिन्यात पाऊल वाजलं की उठत होते. फोन केले, त्यानं उचलले नाहीत. ताईंनी एकदा उचलला आणि म्हणाल्या, "झोपलाय गं. जेवला नाही काही. काय झालंय तुमचं?" त्यांना काय सांगणार.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. दाढी वाढलेली. दारातच म्हणाला, "आज?"

"नाही," मी म्हणाले. "सकाळीच संपलं."

त्यानं मान हलवली. तारखा पाळणारा माणूस तो. त्याला दिवस कळला नसेल असं मला वाटत नाही. मुद्दाम चुकवला की पाय उचललाच नाही, हे मी विचारलं नाही. विचारायचा हक्क माझ्याकडे उरला नव्हता. आम्ही जेवलो. नंतर तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात मी येतो बरोबर."

आला. त्याच्या पुढच्याही महिन्यात आला. मी त्याच्यासमोर गोळ्या घेतल्या. दोन्ही वेळा मी टेबलावर झोपले होते, तो उशाशी उभा होता, आणि डॉक्टरीणबाईंनी पडदा आमच्याकडे वळवला तेव्हा तिथं दाखवण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या की आता गोळ्यांत अर्थ नाही, शरीरातला साठाच संपत आलाय.

"पण त्या महिन्यात होतं ना?" त्यानं विचारलं.

"होतं की," त्या म्हणाल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. "अगदी चांगलं होतं. त्या वेळी काय झालं होतं? जमलं नाही का?"

तो दार उघडून निघाला. बाहेरच्या बाकावर येऊन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी शेजारी बसले. माझी चूक मी इतकी वर्षं एकटीनं बाळगली होती, पुढेही बाळगली असती. तिच्यातला निम्मा भार मी त्या दोन दिवसांत त्याच्या खांद्यावर ठेवला होता, आणि तो आता जन्मभर तिथून उतरणार नव्हता.